दहा ते वीस तारखेची धास्ती: छोट्या वर्कशॉपच्या मालकाने नियोजन कुठून सुरू करावं

प्रश्न थोडक्यात असा. भोसरी एमआयडीसीत दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन) आणि दोन सीएनसी लेथचं शॉप, अकरा माणसं, महिन्याला साधारण १० लाखांचं बिलिंग. मटेरियल स्वतःचं, माल तीन मोठ्या पार्ट्यांना, म्हणजे ग्राहक कंपन्यांना, जातो. काम कमी नाही, उलट एक पार्टी शेड्यूल, म्हणजे महिन्याची मागणी, दीडपट करायला तयार आहे. तरी मालकाला झोप लागत नाही. महिन्याच्या दहा ते वीस तारखा आल्या की पोटात गोळा येतो, फोन वाजला की धस्स होतं, घरी चिडचिड होते. 'जरा प्लॅनिंग कर' असं जो तो सांगतो, पण म्हणजे नेमकं करायचं काय? आणि रोज फोन करून कुणीतरी पाच लाखांचं कर्ज देऊ करतंय, ते घेऊन टाकावं का?

अशा छोट्या इंजिनिअरिंग शॉप्सचं कॉस्टिंग आणि पैशाचं गणित पाहणं हाच माझा व्यवसाय आहे, त्यामुळे उत्तर लांबलं तर समजून घ्या.

पहाटे पाचला उठणं, रंगीत डायरी, भिंतीवरचा पांढरा बोर्ड, हे सगळं आधी बाजूला ठेवा. वाईट आहे असं नाही, पण तुमचं दुखणं तिथे नाही. तुमच्या वर्णनात मला एकच गोष्ट दिसते: प्रत्येक वाईट बातमी तुम्हाला ती घडायच्या दिवशीच कळते. जीएसटीला ९० हजार कमी पडतात हे १९ तारखेला कळतं. माल वेळेवर जाणार नाही हे पार्टीचा फोन आल्यावर कळतं. सेटर (मशीनचं सेटिंग लावणारा कारागीर) गावाला जाणार हे तो गाडीत बसल्यावर कळतं. यातली एकही बातमी अचानक उगवलेली नाही. सहा आठवडे आधी कागदावर दिसली असती तर ती नुसती एक अडचण असती. त्याच दिवशी कळली की तिचं संकट होतं. तुमच्यासाठी नियोजन म्हणजे वाईट बातमी लवकर कळवून घेणं. बाकी सगळं नंतर.

दहा ते वीसच का, ते पाहू. साध्या कागदावर महिन्याच्या तारखा लिहा आणि समोर जाणारे पैसे लिहा. ५ किंवा १० तारखेला मशीनचा हप्ता. ७ तारखेच्या आत पगार. त्याच ७ तारखेला टीडीएस कापला असेल तर त्याचा भरणा. मग गाळ्याचं भाडं आणि वीजबिल. दहा किंवा जास्त माणसं आहेत म्हणजे ईएसआय (कामगार विमा) लागू, त्याची तारीख १५. पीएफ वीस माणसांना लागतो, तो अजून तुमच्या दारात आलेला नाही. २० तारखेला जीएसटीआर-३बी (जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र) आणि त्याबरोबरचा भरणा. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेला आगाऊ प्राप्तिकर, तो अनुमानित पद्धतीने भरत असाल तर एकदम १५ मार्चला. म्हणजे साधारण पंधरा दिवसांत तुमचं जवळजवळ सगळं देणं येऊन पडतं. येणं मात्र पार्टीच्या पेमेंट रनवर (एकत्र पैसे सोडण्याच्या फेरीवर) अवलंबून, आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांचे पैसे सोडायचे दिवस ठरलेले असतात. ते कुठले, हे तुम्ही त्यांच्या अकाउंट्स विभागाला कधी विचारलंय का? बरेच जण परचेसवाल्याशीच बोलत राहतात, आणि पैसे सोडणं त्याच्या हातात नसतं.

हा एक कागद झाला की दोन-तीन गोष्टी लगेच हलवता येतात. हप्त्याची तारीख बदलून मिळते का, हे बँकेला किंवा फायनान्स कंपनीला विचारा; पुष्कळदा एका अर्जावर काम होतं. मुख्य पार्टीचे पैसे २२ ते २५ दरम्यान येत असतील तर हप्ता २७ ला असलेला बरा. जीएसटीचंही पाहा. तुमची उलाढाल ५ कोटींच्या आत आहे, म्हणजे तिमाही विवरणपत्राची क्यूआरएमपी योजना तुम्हाला खुली आहे. त्यात पहिल्या दोन महिन्यांचा कर २५ तारखेपर्यंत चलनाने भरायचा आणि तिमाहीचं ३बी महाराष्ट्रात पुढच्या महिन्याच्या २२ ला. पार्टी म्हणेल, आम्हाला दर महिन्याला जीएसटीचं क्रेडिट दिसलं पाहिजे. दिसेल. पहिल्या दोन महिन्यांची बिलं १३ तारखेपर्यंत आयएफएफमध्ये (जीएसटी पोर्टलवरची बिलं चढवायची सोय) टाकली की १४ तारखेला तयार होणाऱ्या त्यांच्या २बीमध्ये (क्रेडिटच्या यादीत) ती येतात. पाच दिवसांची सवलत किरकोळ वाटते, पण पेमेंट २२ ला येणाऱ्या माणसासाठी ते पाच दिवस म्हणजे पाच रात्री आहेत. योजना बदलायची मुदत तिमाहीनुसार असते, तेव्हा तुमच्या सीएशी आधी बोला.

आता मुख्य काम, तेरा आठवड्यांचा तक्ता. तेराच का, तर एक पूर्ण तिमाही त्यात बसते, आणि त्यापुढचं छोट्या शॉपला तसंही दिसत नाही. एक्सेल येत असेल तर उत्तम, नाहीतर लांब वही आडवी धरा. वर तेरा आठवडे. पहिली ओळ आठवड्याच्या सुरुवातीची शिल्लक, त्यात सीसीची (बँकेच्या कॅश क्रेडिट खात्याची) न वापरलेली मर्यादाही धरा. मग येणारे पैसे, मग जाणारे, आणि शेवटी उरलेली शिल्लक, जी पुढच्या आठवड्याची सुरुवात होते. एवढंच.

अवघड भाग आहे तो येण्याच्या ओळीचा. तिथे पीओवर (खरेदी ऑर्डरवर) लिहिलेले ६० दिवस लिहू नका. खातेवही उघडा, त्या पार्टीची मागची सहा पेमेंटं काढा आणि बिलाच्या तारखेपासून पैसे खात्यात यायला खरोखर किती दिवस लागले ते मोजा. ६० लिहिलेलं असतं, निघतात ७४, ८१, ६९. कारण त्यांचे दिवस तुमच्या बिलापासून सुरू होत नाहीत. माल त्यांच्या स्टोअरमध्ये जाऊन जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाल्यापासून सुरू होतात. मध्ये इन्स्पेक्शनला माल पडून राहिला, दोन पीस रिजेक्ट निघाले, डेबिट नोटचा (बिलातून पैसे कापल्याच्या कागदाचा) घोळ झाला, की पेमेंट थेट पुढच्या रनमध्ये. तक्त्यात हे खरे दिवस धरायचे. आणि जे पैसे 'देतो म्हणालाय' एवढ्यावर आहेत ते वेगळ्या ओळीत पेन्सिलने लिहा, बेरजेत घेऊ नका. मालक माणूस स्वभावाने आशावादी असतो, नाहीतर त्याने नोकरी सोडून मशीन घेतलंच नसतं. तक्त्यात मात्र आशेला जागा नको.

पहिल्यांदा तक्ता भराल तेव्हा एखाद्या आठवड्यात शिल्लक उणे दिसेल आणि धास्ती वाढेल. ते ठीक आहे. सातव्या आठवड्यात दीड लाख कमी पडतात हे आज कळलं तर तुमच्या हातात सहा आठवडे आहेत. मटेरियलवाल्याला आत्ताच सांगून अर्धं पेमेंट दहा दिवस पुढे नेता येतं. आधी सांगितलेलं तो ऐकतो; चेक परत गेल्यावर सांगितलेलं कुणी ऐकत नाही, आणि परत गेलेल्या चेकमागे कलम १३८ ची नोटीस येऊ शकते.

जीएसटीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण माझ्या पाहण्यात छोट्या मालकांची निम्मी झोप त्यानेच उडवलेली असते. तुमचं बिल १० लाखांचं, १८ टक्के धरले तर वर १ लाख ८० हजार. ५ लाखांच्या मटेरियलवर भरलेले ९० हजार वजा करता भरायचे ९० हजार. जूनच्या बिलांचा कर २० जुलैला जातो. त्याच बिलांचे पैसे ऑगस्टच्या मध्यात किंवा सप्टेंबरमध्ये येतात. म्हणजे पार्टीकडून अजून न मिळालेला कर तुम्ही खिशातून भरता. आणि नंतर ते पैसे येतात तेव्हा त्यातला हा भाग आपलाच वाटतो, पगारात आणि टूलिंगमध्ये (मशीनच्या हत्यारांच्या खर्चात) मुरतो. पुढच्या २० तारखेला पुन्हा तेच. उशीर केला तर दिवसाला ५० रुपये लेट फी आणि थकलेल्या रकमेवर वर्षाला १८ टक्के व्याज.

यावर मी सांगतो तो उपाय साधा आहे, पण तो पाळायला जड जातो. एक वेगळं खातं उघडा. खात्यात येणाऱ्या प्रत्येक पेमेंटमधले ८ टक्के त्याच दिवशी तिकडे वळवा. ११ लाख ८० हजारांच्या बिलात ९० हजार म्हणजे साधारण तेवढेच होतात. त्या खात्यातून जीएसटी सोडून काहीही भरायचं नाही, पगार अडला तरी नाही. हिशेबी माणूस लगेच म्हणेल, सीसीवर ११ टक्के व्याज चाललंय आणि मी पैसे बाजूला कशाला ठेवू? बरोबर आहे. ९० हजार महिनाभर बाजूला राहिले तर ८२५ रुपये व्याज जास्त जाईल. जाऊ द्या. महिन्याला ८२५ रुपयांत १९ तारखेची रात्र विकत मिळत असेल तर ती स्वस्त आहे. दोन महिन्यांच्या करापुरती रक्कम तिथे साठली की मग पुढचं व्याजाचं गणित करायला मी तुमच्यासोबत बसेन.

तसंच घरखर्चाचं. पाहिजे तेव्हा शॉपच्या खात्यातून काढायचं ही सवय बहुतेकांना असते, आणि मग शॉप कमावतंय की घर ते खातंय हेच कळत नाही. स्वतःला ठरलेला पगार लावा, ७ तारखेला बाकीच्यांबरोबर तो घरच्या खात्यात जाऊ द्या. घरातल्यांना रक्कम सांगा. मालकाच्या घरच्या चिडचिडीचा बराचसा भाग असा असतो की पैसे आहेत की नाहीत हे घरात कुणालाच माहीत नसतं, मालकालासुद्धा.

वसुलीकडे वळू. वसुलीला आठवड्यात एक ठरलेली वेळ हवी. भोसरीत गुरुवारी सुट्टी असते, मशीन बंद असतं. माझ्या बऱ्याच लोकांना मी गुरुवार सकाळचा दीड तास तक्त्यासाठी ठेवायला लावला आहे. तुमच्या पार्टीचं ऑफिस पुण्यात किंवा मुंबईत असेल तर तिथे गुरुवार चालू असतो, त्यामुळे तक्ता पाहायचा आणि लगेच फोन करायचे. मुदत संपल्यावर करायचा फोन हा तगादा. मुदतीच्या पंधरा दिवस आधी करायचा फोन वेगळा: बिल तुमच्या सिस्टिममध्ये चढलं का, जीआरएन झालं का, काही अडलंय का? तगाद्याच्या फोनला 'बघतो' असं उत्तर मिळतं, या फोनला खरं उत्तर मिळतं. पेमेंट अडकतं त्याचं कारण बहुधा पैशाची टंचाई नसतं, बिलावरचा पीओ नंबर चुकलेला असतो.

कायद्याने तुमच्या बाजूला काय आहे तेही माहीत असू द्या. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे. ती असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर १५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत, असं २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो. पीओवर ६० किंवा ९० लिहिलं म्हणून ते ४५ च्या पुढे कायदेशीर होत नाही. उशिराबद्दल रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकरात अशी तरतूद आहे की ही मुदत चुकवून वर्षअखेर थकवलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यामुळे मार्चमध्ये पैसे लवकर सुटताना दिसतात. या तरतुदीमुळेच काही पार्ट्या 'उद्यम रद्द करा, मग काम देतो' म्हणून गळ घालतात. असं कुणी म्हटलं तर माझं मत स्पष्ट आहे: उशिरा पैसे द्यायचा इरादा त्याने तुम्हाला आधीच सांगून टाकला आहे.

थकलेल्या पैशांबद्दल सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, प्रकरण फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (अशा तक्रारी सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे) जातं, आणि निकालाविरुद्ध जायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. ताकदवान हत्यार आहे, पण चालू पार्टीवर ते उगारलं की ती पार्टी गेली असं धरून चाला. म्हणून मी ते काम संपलेल्या, बुडीत वाटणाऱ्या येण्यासाठीच सुचवतो. चालू पार्टीसाठी बिलावर उद्यम क्रमांक आणि '४५ दिवस' हे दोन शब्द छापा. भांडण न करता तेवढ्याने फरक पडतो. पार्टी खरोखर मोठी असेल तर ट्रेड्सचा (बिलावर लवकर पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचांचा) पर्याय विचारा. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना आरएक्सआयएल, एम१एक्स्चेंज, इन्व्हॉइसमार्ट यांसारख्या मंचावर नोंदणी सक्तीची केलेली आहे. तिथे पार्टीने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, पैसे काही दिवसांत मिळतात, आणि पार्टीने नंतर पैसे चुकवले तरी बँक तुमच्या मागे लागत नाही. अट एकच, पार्टीने बिल मान्य करण्याचं बटण दाबलं पाहिजे. त्यासाठी मात्र मागे लागावं लागतं.

इथवर पैशाचं झालं. फोन वाजला की होणारं धस्स मात्र पैशाचं नसतं, दिलेल्या शब्दाचं असतं. ते समजायला एक हिशेब करू, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे.

एक व्हीएमसी, आठ तासांच्या दोन शिफ्ट, महिन्याचे २६ दिवस. कागदावर ४१६ तास होतात. पार्टीने विचारलं, महिन्याला किती पीस देशील? सायकल टाइम, म्हणजे एका पीसला लागणारा वेळ, १२ मिनिटं, म्हणजे तासाला ५, म्हणजे २,०८०. तुम्ही म्हणालात, २,००० पक्के. आता महिनाभर खरोखर काय झालं ते लॉगबुकमध्ये पाहा. सेटिंग बदलताना गेलेले तास, फर्स्ट पीस पास व्हायला लागलेला वेळ, इन्सर्ट (टूलची बदलती पाती) संपले म्हणून थांबलेलं मशीन, वीज गेली ते, ऑपरेटर आला नाही ती शिफ्ट, रिजेक्ट झालेले पीस पुन्हा करण्यात गेलेला वेळ. बहुतेक छोट्या शॉपमध्ये हातात ३०० च्या आसपास तास उरतात. ३०० तासांत १,५०० पीस होतात. जे ५०० पीस कधी होणारच नव्हते, त्यांच्यासाठी तुम्ही महिनाभर शिव्या खाता आणि सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइम लावता.

हीच चूक दरातही बसलेली असते. त्या मशीनचा हप्ता, ऑपरेटरचा पगार, वीज, टूलिंग, भाड्याचा वाटा असं सगळं मिळून महिन्याला १ लाख २० हजार येत असतील तर ४१६ ने भागून तासाचा खर्च २८८ रुपये येतो. तुम्ही त्यावर थोडा नफा चढवून ३२५ ने कोटेशन दिलंत. ३०० ने भागून पाहा: ४०० रुपये. मशीन जितका वेळ पळतं तितका वेळ तासाला ७५ रुपये जातायत, आणि तुम्ही पैसे कमी का पडतात याचा शोध वसुलीत घेताय. असं असेल तर कुठलाही तक्ता, कुठलंही ध्यान, कुठलीही डायरी उपयोगाची नाही. दर वाढवून घ्या, तास वाढवा, नाहीतर तो पार्ट सोडा.

तास वाढवणं अनेकदा नवीन मशीनपेक्षा स्वस्त पडतं. इन्सर्ट आणि कूलंटची किमान पातळी ठरवा, ती गाठली की मागवायचं; संपल्यावर दुचाकी काढून पळायचं नाही. एकाच पार्टच्या बॅच शक्य तितक्या जोडून लावा, सेटिंग कमी बदलतील. आणि वर्षाचं एक साधं कॅलेंडर लावा, त्यात माणसांच्या गैरहजेरीचे महिने आधीच कमी करून ठेवा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा झाली की दिवाळीचे वेध लागतात. बिहार-उत्तर प्रदेशची मुलं दिवाळीला गेली की छठ करूनच परततात. आपली मराठवाड्याची माणसं दिवाळीला जातात आणि मे महिन्यात लग्नसराईला पुन्हा. हे दरवर्षी होतं, तरी दरवर्षी ऑक्टोबरचं शेड्यूल पूर्ण ताकदीने कबूल केलं जातं. ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी पार्टीला ऑगस्टमध्येच कमी आकडा सांगा आणि जमलं तर सप्टेंबरमध्ये थोडा माल पुढे करून ठेवा. बोनसही तसाच. कायदा तुम्हाला लागू असो वा नसो, माणसं दिवाळीला एका पगाराच्या आसपास धरूनच चालतात, ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्साच. दर महिन्याच्या पगाराच्या बाराव्या भागाएवढी रक्कम आवर्ती ठेवीत टाकत गेलात तर ऑक्टोबरमध्ये उचल घ्यायला तुम्हाला कुणाकडे जावं लागत नाही.

फोन कमी करायची एक युक्ती आहे, तिचा उपयोग झाल्याचं मी अनेक शॉपमध्ये पाहिलं आहे. गुरुवारी संध्याकाळी प्रत्येक पार्टीच्या परचेसवाल्याला स्वतःहून एक संदेश पाठवा: येत्या आठवड्यात कुठला पार्ट, किती पीस, कोणत्या दिवशी निघणार, आणि काय निघणार नाही. 'काय निघणार नाही' हे लिहायला हात थरथरतो, पण तेच सगळ्यात महत्त्वाचं. त्या माणसालाही वरून कुणीतरी विचारत असतं; आधी कळलं तर तो त्याच्या लाइनची सोय करतो. दोन-तीन महिने संदेश खरा ठरला की तो रोज फोन करायचं थांबवतो. खोटा ठरला तर दुप्पट करतो, म्हणून आकडा ३०० तासांचाच द्यायचा.

तुम्ही लिहिलंय की फोन वाजला की धस्स होतं, झोप नाही, घरी चिडचिड होते. तक्ता महिनाभर नीट चालू राहूनही ते तसंच राहिलं तर तो हिशेबाचा विषय नाही, डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि मराठीतही बोलता येतं. शॉप बंद करून कुठे जायला वेळ नाही म्हणणाऱ्यांना मी हाच क्रमांक देतो.

राहिले दोन निर्णय, दीडपट शेड्यूल आणि पाच लाखांचं कर्ज. ते वेगवेगळे वाटतात पण एकच आहेत. हिशेबासाठी एकूण बिलिंगच दीडपट धरू. ते १० वरून १५ लाखांवर गेलं तर महिन्याला साधारण ४ लाखांचा खर्च वाढेल, अडीच लाखांचं मटेरियल आणि दीड लाखाचे पगार, वीज, टूलिंग. पैसे ७५ दिवसांनी येणार म्हणजे अडीच महिन्यांचा खर्च, १० लाख, आधी घालावा लागेल. मटेरियलवाला महिन्याची उधारी देतो ती अडीच लाखांची वजा केली तरी साडेसात लाख अडकतात, वरचा जीएसटी वेगळाच. धंदा वाढताना पैसा आटतो तो असा, आणि नेमकं याच काळात मालकाला वाटतं की एवढं काम असून आपल्यालाच काहीतरी जमत नाहीये.

त्या कर्जाबद्दल: 'फक्त १२ टक्के' म्हणणाऱ्याला फ्लॅट (सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर) की घटत्या शिलकीवर, हे विचारा. ५ लाखांवर फ्लॅट १२ टक्क्यांनी वर्षाचे ६० हजार, महिन्याचा हप्ता ४६,६६७ रुपये. प्रत्यक्षात हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि एनबीएफसींना (फायनान्स कंपन्यांना) छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जासाठी की फॅक्ट स्टेटमेंट द्यावं लागतं, त्यात सगळे आकार धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तो पाहिल्याशिवाय सही करू नका. आणि तुमची गरज वर्षभर फिरणाऱ्या पैशाची आहे. असं कर्ज त्याच दहा ते वीस तारखांत आणखी एक हप्ता आणून बसवतं.

फिरत्या पैशासाठी सीसी वाढवून घ्या. खेळत्या भांडवलाची मर्यादा ५ कोटींपर्यंत असलेल्या छोट्या उद्योगासाठी बँका साधारणपणे अंदाजित उलाढालीच्या २० टक्के खेळतं भांडवल धरतात. १ कोटी २० लाखांना ते २४ लाख होतात, १ कोटी ८० लाखांना ३६. तुमची आजची मर्यादा यापेक्षा बरीच कमी असेल असा माझा अंदाज आहे, कारण मशीन घेताना ठरलेली मर्यादा पुढे कुणी वाढवून मागतच नाही. तारण नसेल तर सीजीटीएमएसईच्या (विनातारण कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टच्या) हमीबद्दल शाखेत विचारा. सोबत पार्टीचं वाढीव शेड्यूलचं पत्र, वर्षाची जीएसटी विवरणपत्रं आणि तुमचा तेरा आठवड्यांचा तक्ता न्या. स्टॉक स्टेटमेंट वेळेवर देत चला; ९० दिवसांवरचं येणं बँका सहसा ड्रॉइंग पॉवरमध्ये (सीसीतून उचलता येणाऱ्या रकमेत) धरत नाहीत, म्हणजे उशिरा पैसे देणारी पार्टी तुम्हाला दोनदा मारते. हे सगळं व्हायला काही आठवडे लागतात, तेव्हा अर्ज शेड्यूल सुरू व्हायच्या आधी गेला पाहिजे.

पार्टीला आज लगेच 'हो' कळवू नका. आधी चारही मशीनचे मागच्या तीन महिन्यांचे खरे तास काढा. ते पूर्ण भरलेले असतील, आणि तुमच्या वर्णनावरून तसंच दिसतंय, तर दीडपट शेड्यूल म्हणजे पुन्हा ४१६ तासांवर दिलेला शब्द. अशा वेळी फार तर सव्वापट कबूल करा, तेही वर सांगितलेल्या रीतीने तास वाढवून, वाढीव मालाचा दर ३०० तासांवर काढा, आणि मटेरियल त्यांनी द्यावं किंवा वाढीव मालाचे पैसे ३० दिवसांत मिळावेत, यातलं एक मागा. मटेरियल त्यांचं आलं तर तुमची अडकणारी रक्कम पुष्कळ खाली येते. दोन्हीला नकार आला तर ते शेड्यूल सहा महिने पुढे ढकलायला सांगा, तोपर्यंत सीसीचा निकाल लागलेला असेल.